खाणी बंद झाल्यावर जमीन सुधारायला राज्यानं वेगळी यंत्रणा केली, तर विदर्भात तिनं आधी काय हाती घ्यावं?

आधी माणसांचा जीव, मग माती-पाणी. अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्यातही सोडून दिलेल्या कोळसा खाणींसाठी साधारण हाच क्रम आहे. आपल्याकडं मात्र खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर रोपं लावली, फोटो काढला, झालं!

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला २०२२ मध्ये राहतं घर जमिनीत गडप झालं. खाली जुनी भूमिगत खाण होती. म्हणून पहिलं काम जुने नकाशे काढून वस्तीखालच्या पोकळ्या शोधणं आणि जमेल तिथं त्या वाळूनं भरणं. मग मातीचे ढिगारे पावसाळ्याआधी उतरते करणं, नाहीतर गाळ थेट वावरात येतो. खाण खणताना वरची काळी माती वेगळी राखली नसेल तर त्या जागी कापूस-तूर विसरा. खाणीच्या खड्ड्यात साचलेलं पाणी मात्र तपासून उन्हाळ्यात वापरता येईल.