पोलीस असलेला हिरो जुन्या दोस्ताच्या आयरिश गँगमध्ये शिरतो, तो न्यूयॉर्कचा पिक्चर कोणता?

स्टेट ऑफ ग्रेस, १९९०. शॉन पेन बऱ्याच वर्षांनी न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या आपल्या जुन्या वस्तीत परततो, लहानपणचा यार गॅरी ओल्डमन त्याला लगेच गळ्यात घेतो आणि गँगचा बॉस एड हॅरिस हा त्याच यारचा सख्खा भाऊ, म्हणजे पुढं काय होणार ते आलंच. ओल्डमनने तर पिक्चरच खाल्लाय राव! शेवटी बाहेर सेंट पॅट्रिक्स डेची परेड नि आत बारमध्ये स्लो मोशनमध्ये गोळीबार, तेवढ्यासाठी तरी बघाच. त्याच महिन्यात गुडफेलाज हा दुसरा गँगस्टर पिक्चर आला म्हणून हा बिचारा झाकला गेला. बाकी गँग हेल्स किचनच्याच वेस्टीज या खऱ्या आयरिश टोळीवरून घेतलीय, पण तिला कुणा अंडरकव्हर पोलिसाने नाही तर मिकी फेदरस्टोन या त्यांच्याच माणसाने फितूर होऊन बुडवलं.