ईसीजी नॉर्मल, मग धडधड कशाची?

प्रश्न : वय ३१, शिक्षिका आहे. महाद्वार रोडवर खरेदी करताना एकदम छाती धडधडू लागली, हातांना मुंग्या आल्या, आता पडणारच असं वाटलं. ईसीजी, टूडी इको नॉर्मल. नंतर केएमटी बसमध्ये दोनदा तसंच झालं. आता बस सोडली. अंबाबाईच्या दर्शनालाही यांना सोबत घेऊनच जाते. हे नेमकं काय आहे? (राजारामपुरी)

उत्तर : ताई, तुमच्या वर्णनावरून हे पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचे झटके वाटतात. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तेवढं करून घ्या. त्यांच्या बिघाडानेही धडधडतं.

अटॅकमध्ये अॅड्रेनलिन हे संप्रेरक वाढतं, श्वास भराभर चालतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या, गरगर, छाती आवळणं हे बरंचसं त्यामुळे. म्हणून 'मोठ्ठा श्वास घे' हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला उलटा पडतो. श्वास लहानच घ्या, नाकाने, चार आकडे मोजत. सोडताना सहा मोजा. असं पाच मिनिटं. कागदी पिशवीत श्वास घेऊ नका. आणि पडायची भीती म्हणाल, तर चक्कर येऊन माणूस पडतो तो बहुधा रक्तदाब उतरल्यावर. अटॅकमध्ये तो उलट थोडा चढतो. जोर साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपोआप ओसरतो.

खरी अडचण बस सोडण्यात आहे. मध्येच उतरलं की बरं वाटतं, पण 'उतरले म्हणून वाचले' एवढंच मन शिकतं आणि पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. तेव्हा पुन्हा बसायचं, पण पायरीपायरीने. आधी दुपारच्या रिकाम्या बसमध्ये, मिस्टरांसोबत, दोन स्टॉप. मग तेवढंच एकटीने. मग सकाळच्या गर्दीत शाळेपर्यंत. भीतीला शून्य ते दहा गुण द्या. ती निम्म्यावर येईपर्यंत उतरायचं नाही, स्टॉप पुढे गेला तरी चालेल. आठवड्यातून चार-पाच वेळा तरी करा, महिन्यातून एकदा केल्याने काही होत नाही. देवळात गर्दीच्या शुक्रवारऐवजी बुधवारी सुरुवात करा. पर्समध्ये 'असू दे' म्हणून ठेवलेली गोळी हीसुद्धा कुबडीच, शेवटी तीही घरी ठेवायची. उपाशीपोटी दोन-दोन कप चहा मात्र आजच बंद.

छातीतली कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, चढ चढताना वाढत असेल, घाम फुटत असेल, तर श्वास मोजत बसू नका; १०८ ला फोन करा. पूर्वीचा ईसीजी नॉर्मल होता, हे त्या वेळी कारण होत नाही.

प्रश्न : भावाला क्लोनाझेपाम (मन शांत करणारी, गुंगीची गोळी) चालू आहे. धडधडलं की मीही त्यातली अर्धी घेतो, लगेच बरं वाटतं. चालेल का? (गोकुळ शिरगाव)

उत्तर : नाही. लगेच बरं वाटतं हाच त्यातला धोका. रोज घेतली तर काही आठवड्यांतच सवय लागते. मशीनवर काम असेल तर गुंगीने अपघात होऊ शकतो, दारूसोबत तर जिवावर बेततं. रोजच घेत असाल तर एकदम तोडू नका, फिट येऊ शकते. डोस डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. पॅनिकसाठी सहसा एसएसआरआय गटातली (नैराश्य आणि चिंतेवरची) औषधं देतात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी थोडी वाढूही शकते. बरेच जण नेमकी तेव्हाच गोळी सोडतात. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.