मेंदू जुना, हत्यारं नवी

प्रिय दोस्त,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. रात्री अडीचला टाइप केलेला दिसतोय त्यामुळे त्यातला थोडा अंधार त्या वेळेचाही असणार, पण मुद्दा खोटा नाहीये. तुझं म्हणणं थोडक्यात असं की माणसाचा मेंदू अजून जंगलातलाच आहे, हातात मात्र अणुबॉम्ब आलाय, जनुकं बदलायची विद्या आलीये आणि आता एआय पण, म्हणजे ही जात काही फार टिकत नाही, मग शिकायचं कशाला आणि धडपडायचं कशाला. आणि यात माझं काय चुकतंय ते सांगा असंही लिहिलंयस.

अर्धं बरोबर आहे तुझं. गडबड इथे आहे की तू सरळ दोन पार्ट्या केल्यास, एक तो जनावराचा मेंदू म्हणजे व्हिलन, आणि दुसरी बुद्धी, ती बिचारी त्याला आवरायला बघतेय पण कमी पडतेय. मला तसं दिसत नाही. मला खरी भीती बुद्धीचीच वाटते, कारण ती त्या जुन्या प्रेरणांची फार इमानदारीने नोकरी करते. भीती, राग, हाव हे मालक आणि बुद्धी त्यांचा मुनीम, मालकाने आधीच काय ते ठरवलेलं असतं आणि मुनीम रात्रभर बसून हिशोब जुळवून देतो. मुनीम जितका हुशार तितका हिशोब बिनचूक दिसतो, एवढंच.

एक किरकोळ साफसफाई आधी करतो. तू ते चित्र पाठवलंस ना, आत सरड्याचा मेंदू, त्यावर सस्तन प्राण्यांचा, त्यावर माणसाचा, ती कल्पना पॉल मॅकलीन या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाची, १९६० च्या दशकात मांडलेली, आणि ती इतकी सोपी आहे की अजून सगळीकडे फिरते. मेंदूवर काम करणारे लोक आता ती तशी मानत नाहीत. जुनं तसंच ठेवून त्यावर नवीन बसवलं असं उत्क्रांतीत झालेलं नाही, सगळेच भाग बदलत आले आणि सगळे एकमेकांत गुंतलेत. भीतीचं आणि विचाराचं वायरिंग वेगळं करता येत नाही, त्यामुळे "आतला सरडा मारा" वगैरे सल्ले कोणी देत असेल तर सोडून दे.

बाकी प्रेरणा जुन्या आहेत हे खरंच. आपली जात साधारण तीन लाख वर्षांची आणि शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची, म्हणजे जवळजवळ सगळा काळ आपण छोट्या टोळ्यांत काढला. तिथे झुडपात काही हललं की आधी पळायचं मग विचार करायचा हे शहाणपणाचंच होतं, गोड मिळालं की पोटभर खायचं हेही, आणि अनोळखी माणूस दिसला की सावध व्हायचं हे तर नक्कीच. यातलं काहीच मूर्खपणाचं नव्हतं, यांच्यामुळेच तू आणि मी आहोत.

पण आपला-परका हे खातं किती उथळ पाण्यावर चालू होतं ते बघ. हेन्री ताजफेल नावाचा मानसशास्त्रज्ञ होता, पोलंडमधल्या ज्यू कुटुंबातला, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून कैदी झाला म्हणून वाचला आणि परत आला तेव्हा घरचं जवळजवळ कोणी उरलं नव्हतं. त्याने पुढे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या शाळेतली चौदा-पंधरा वर्षांची मुलं घेऊन एक प्रयोग केला, १९७० मध्ये तो छापून आला. मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, क्ली आणि कँडिन्स्की, आणि सांगितलं की तू क्लीवाल्यांत, तू कँडिन्स्कीवाल्यांत. प्रत्यक्षात वाटणी कशीही केलेली, आवडीचा काही संबंध नाही. मग प्रत्येकाला एकट्याला बसवून दुसऱ्या मुलांना थोडे थोडे पैसे वाटायला सांगितले, स्वतःला काही घ्यायचं नाही, समोरचा कोण हेही माहीत नाही, फक्त तो कुठल्या गटातला एवढंच. ताजफेलला वाटत होतं की इतक्या फालतू गटामुळे काहीच होणार नाही, म्हणजे इथून सुरुवात करून हळूहळू एकेक कारण वाढवत नेऊ. पण मुलांनी पहिल्याच फटक्यात आपल्या गटाला जास्त दिलं. आणि त्याहून वाईट म्हणजे अनेकांनी आपल्या गटाला सगळ्यात जास्त मिळेल असा पर्याय सोडून असा निवडला की ज्यात आपल्या गटालाही कमी मिळतं पण दुसऱ्या गटाशी फरक मोठा पडतो. आपलं नुकसान चालेल पण ते खाली राहिले पाहिजेत. ना भांडण, ना इतिहास, ना ओळख, काहीही नसताना!

आता यात बुद्धी घाल. तुला वाटेल की शिकलेला, आकडे कळणारा माणूस यातून सुटत असेल. अमेरिकेत डॅन कहान नावाचा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना आकड्यांचा एक तक्ता दिला, त्वचेच्या क्रीमने पुरळ बरं होतं की वाढतं ते काढा. गणित बरं असलेल्यांनी बरोबर काढलं, अपेक्षेप्रमाणे. मग तेच आकडे दुसऱ्या लोकांना, लपवून बंदूक बाळगण्यावरच्या बंदीने गुन्हे वाढतात की कमी होतात असं सांगून दिले, आणि तिथे गणित बरं असलेल्यांची उत्तरं आपापल्या पक्षाप्रमाणे फाटली, कच्च्या गणितवाल्यांपेक्षाही जास्त. नंतर दुसऱ्यांनी हा प्रयोग परत करून बघितला तेव्हा परिणाम इतका ठसठशीत आला नाही हेही सांगून ठेवतो, एका प्रयोगावर घर बांधायचं नसतं, पण हुशारीने पक्षपात जातो असंही काही कुठे दिसलेलं नाही. तू स्वतःचंच बघ, वादात तुला जे मुद्दे सुचतात ते आधी सुचतात की आधी राग येतो?

आणि हा मुनीम नुसता हिशोब जुळवत नाही, तो वस्तू बनवतो. फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं उदाहरण मला कायम छळतं. या माणसाने १९०९ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला, त्यावर रासायनिक खतं उभी राहिली आणि आज जगातली साधारण निम्मी माणसं जेवतात ती त्या प्रक्रियेच्या जोरावर. त्याच माणसाने पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ ला, बेल्जियममध्ये ईप्रजवळ शत्रूवर विषारी क्लोरीन वायूची नळकांडी उघडायची मोहीम स्वतः उभी केली. त्याची बायको क्लारा, तीही केमिस्ट्रीतली डॉक्टरेट, तिने काही दिवसांतच त्याच्याच पिस्तुलाने स्वतःला संपवलं आणि हा लगेच पुढच्या आघाडीवर निघून गेला. आता सांग, यात जंगलीपणा कुठे आहे? हाबर काही चवताळलेला वगैरे नव्हता, शांत डोक्याने, वाऱ्याची दिशा मोजून, देशासाठी करतोय या खात्रीने करत होता. टोळीची निष्ठा ही तीन लाख वर्षं जुनी, क्लोरीनचं काम एकदम आधुनिक. आणि तेच क्रूर वाटतं, की दोन्ही कामं एकाच डोक्यातून निघाली, खत वेगळ्या भागातून आणि विष वेगळ्या भागातून असं नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. जुन्या काळी माणूस रागावला तरी राग आणि नुकसान यांच्यात वेळ जायचा, दगड शोधायचा, चालत जायचं, तोवर कोणीतरी हात धरायचा. बुद्धीने तो मधला वेळ खाल्ला. एका खंडातून दुसऱ्या खंडात क्षेपणास्त्र जायला साधारण अर्धा तास लागतो, त्यातली खात्री करण्यातली मिनिटं वजा केली तर निर्णय घेणाऱ्याच्या हातात काही मिनिटंच राहतात.

२७ ऑक्टोबर १९६२, क्यूबाचा पेचप्रसंग, म्हणजे क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या तोंडाशी आलेले, तो दिवस नीट डोळ्यांसमोर आण. बी-५९ नावाची सोव्हिएत पाणबुडी क्यूबाजवळ खोल पाण्यात, बॅटरी संपत आलेली, आत पंचेचाळीसच्या वर तापमान, हवेत कार्बन डायऑक्साइड वाढलेला, माणसं चक्कर येऊन पडतायत, मॉस्कोशी संपर्क नाही. वरून अमेरिकन जहाजं छोटे सरावाचे बॉम्ब टाकतायत, वर या असा इशारा म्हणून. त्या इशाऱ्याची पद्धत अमेरिकेने मॉस्कोला कळवली होती पण पाणबुडीपर्यंत ते पोचलंच नव्हतं, त्यामुळे आतल्यांना वाटलं की युद्ध सुरू झालंय. पाणबुडीवर एक अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो होता आणि हे वरच्या अमेरिकनांना माहीत नव्हतं. आत असलेल्या एका अधिकाऱ्याने पुढे सांगितलं त्याप्रमाणे कॅप्टन सावित्स्की भडकला, तो टॉर्पेडो तयार करा म्हणाला, आपण मरू पण त्यांना बुडवू, नौदलाला खाली बघायला लावणार नाही. हे वाक्य आहे ना, हे कुठल्याही टोळीतला माणूस भाला हातात घेऊन बोलला असता. फक्त भाल्याच्या जागी हिरोशिमाच्या जवळपास जाणारा स्फोट होता.

त्या बोटीवर योगायोगाने वासिली अर्खिपोव होता, पाणबुड्यांच्या ताफ्याचा चीफ ऑफ स्टाफ, कॅप्टनच्याच दर्जाचा, त्यामुळे त्याच्या संमतीशिवाय पुढे जाता येत नव्हतं. त्याने समजूत काढली, पाणबुडी वर आली आणि नंतर घराकडे वळली. नेमकं कोण काय बोललं यावर त्या लोकांच्या आठवणी जुळत नाहीत, त्यामुळे याची देवाची कथा करू नकोस. मला त्यात अर्खिपोवच्या थंड डोक्यापेक्षा ती आणखी एका माणसाची संमती महत्त्वाची वाटते. थंड डोक्याचा माणूस दर वेळी बोटीवर असेलच याची काही गॅरंटी नाही, पण आणखी एक सही लागते हा नियम लिहून ठेवता येतो.

बाकी आपण इथवर आलो कसे, तर बऱ्याच वेळा असेच, नशीब आणि नियम मिळून. १९८० च्या दशकाच्या मध्यात जगात साधारण ७०,००० अण्वस्त्रं होती, आता १२,००० च्या आसपास आहेत, म्हणजे संपवायला अजून भरपूर, पण ती कमी झाली ती माणसं सज्जन झाली म्हणून नाही, एकमेकांची मोजायची सोय केली म्हणून. देवीचा रोग घे. १९५८ मध्ये निर्मूलनाचा ठराव सोव्हिएत संघाने आणला, लस त्यांनी मोठ्या प्रमाणात दिली, अमेरिकेने पैसा आणि माणसं दिली, ऐन शीतयुद्धात, आणि १९८० मध्ये रोग संपल्याचं जाहीर झालं. आणि त्याच सोव्हिएत संघाने गुपचूप देवीचे विषाणू हत्यार म्हणूनही बनवले! दोन्ही खरं आहे. तुझ्या मेसेजमध्ये फक्त दुसऱ्या, काळ्या बाजूची वाक्यं होती.

ओझोनचं तर अजून वेगळं. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये सांगितलं की फ्रिज आणि स्प्रेमधल्या सीएफसी नावाच्या रसायनांनी, सूर्याची अतिनील किरणं अडवणारा ओझोन थर विरळ होऊ शकतो, लोकांनी ऐकलं आणि अर्धवट विसरले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचा तो मोठा खड्डा जाहीर झाला, नकाशात छिद्र दिसलं, त्वचेचा कॅन्सर हा शब्द आला, आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रियलचा करार झाला. पर्यायी रसायनं आवाक्यात दिसत होती हेही कारण होतंच, पण भीतीचा भाग विसरू नकोस, तीच जुनी झुडपातली भीती, या वेळी मुनीम तिला बरोबर दिशेने घेऊन गेला. कार्बन डायऑक्साइडचं तसं होत नाहीये कारण ते दिसत नाही, कोणी अंगावर येत नाही, औद्योगिक काळाआधी २८० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग) होतं ते ४२० च्या वर गेलं तरी मेंदूत कुठलीच घंटा वाजत नाही.

म्हणून माझा सल्ला विचारशील तर प्रेरणा मारत बसू नकोस, ते होत नाही आणि झालं तर माणूस उरत नाही. आणि सगळे हुशार झाले की सुटेल या आशेवरही राहू नकोस. ज्या कामात राग आणि कृती यांच्यामध्ये वेळ घातला जातो, आणखी एक सही, एक तपासणी, एक फोन लाइन, त्या कामाकडे बघ. ही कामं कंटाळवाणी असतात, त्यात कोणी हिरो होत नाही आणि यशस्वी झाली तर काहीच घडत नाही त्यामुळे बातमी पण येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिका आणि चीनच्या अध्यक्षांनी एवढंच मान्य केलं की अण्वस्त्र वापरायचा निर्णय एआयकडे नाही, माणसाकडे राहील. एका ओळीची गोष्ट, कोणी फार बोललं पण नाही. मला ती त्या वर्षातल्या मोठ्या बातम्यांपैकी एक वाटली.

स्वतःपुरतं म्हणशील तर ज्या गोष्टीवर तुला लगेच खात्री वाटते आणि ती खात्री वाटून छान पण वाटतं, तिथे थांबायचं. बाकी ठिकाणी नाही थांबलास तरी चालेल, सगळीकडे थांबत बसलं तर जगणं अवघड होईल.

आता फिजिक्स सोडून पॉलिसीकडे जाऊ का हा तुझा प्रश्न. सोडू नकोस एवढ्यात. अणुचाचणी बंदीचा करार १९९६ चा, तो अजून अधिकृतपणे लागूच झालेला नाही कारण काही देशांच्या सह्या आणि मंजुऱ्या अडकल्यात, तरी त्याच्यासाठी जगभर तीनशेच्या वर केंद्रं चालू आहेत, जमिनीतली कंपनं, समुद्रातला आवाज, हवेतले किरणोत्सारी कण ऐकत बसलेली. उत्तर कोरियाच्या सहाही चाचण्या त्यांनी पकडल्या. कोण खोटं बोलतंय ते संशयावर न ठरता मोजून ठरतं, आणि मोजणारी माणसं तुझ्याच विषयातली लागतात. या कराराच्या संघटनेचं, सीटीबीटीओचं, व्हिएन्नातलं ऑफिस इंटर्न घेतं, साइटवर बघ. त्याआधी भूकंप आणि अणुस्फोट यांच्या लहरी वेगळ्या कशा ओळखतात ते वाचून काढ, स्फोट सगळीकडे बाहेर ढकलतो आणि भूकंपात खडक एकमेकांवर घसरतात, त्यामुळे पहिल्या पी लहरी आणि मागून येणाऱ्या एस लहरी यांचं प्रमाणच वेगळं येतं, तुला आवडेल ते. अडलं तर लिही.