सिनेमा आपला, आवाज कुणाचा?

प्रश्न : बाबांच्या जुन्या सिनेमाच्या डीव्हीडीची हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरने कॉपी केली, पण संवादांच्या वर कुणीतरी सतत बोलतंय, मूळ डीव्हीडी तर नीट चालते. असं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काळजी करू नका, डिस्क खराब नाहीये. एका डीव्हीडीत ८ पर्यंत ऑडिओ ट्रॅक असू शकतात, आणि तुमच्याकडून दिग्दर्शकाच्या कॉमेंट्रीचा, म्हणजे सिनेमा चालू असताना तो त्याबद्दल बोलतो तो, ट्रॅक निवडला गेलाय. आधी डिस्क व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावा, ऑडिओ मेनूत जाऊन एकेक ट्रॅक दोन मिनिटं ऐका, तेही संवाद चालू असताना, गाण्यात फरक पटकन कळत नाही. नुसत्या नावावर जाऊ नका, भाषा दोन्हीकडे मराठीच लिहिलेली असते, कॉमेंट्री बहुतेक २.० (दोन चॅनलची, स्टिरिओ) असते पण जुन्या सिनेमाचा मूळ आवाजही २.० किंवा मोनोच (एका चॅनलचा) असतो, म्हणून कानानेच ठरवा. मग हँडब्रेकच्या ऑडिओ टॅबमध्ये त्याच ट्रॅकचा नंबर घ्या, एसी३ (डीव्हीडीतल्या आवाजाचा प्रकार) पासथ्रू ठेवा म्हणजे आवाज जसाच्या तसा उतरतो, आणि मोबाईलसाठी त्याच ट्रॅकची दुसरी एएसी स्टिरिओ कॉपी जोडा. पूर्ण सिनेमा करण्याआधी एकच चॅप्टर करून बघा बरं का. आणि बाबांची मूळ डिस्क जपून ठेवा!