आधी हातोडी, मग एमआरआय

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे असून त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. अलीकडे तळपायांना मुंग्या येतात, चालताना चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही आणि अंधारात तोल जातो. मेंदूविकारतज्ज्ञांनी हातोडी, किल्ली, ट्यूनिंग फोर्क (ठोकल्यावर कंप पावणारा धातूचा चिमटा) अशा साधनांनी अर्धा तास तपासले. पण एमआरआय न सांगता एनसीव्ही (नसांतील संदेशाचा वेग मोजणारी चाचणी) आणि रक्ततपासण्या लिहून दिल्या. एमआरआयशिवाय निदान पक्के होईल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपण जाता जाता लिहिलेले चप्पल निसटल्याचे वाक्यच सर्वांत मोलाचे आहे. चप्पल निसटताना कळते, पण ती धरून ठेवता येत नाही, असे रुग्णाने सांगितले तर संशय ताकदीच्या बिघाडाकडे जातो. निसटल्याचे कळतच नाही, असे सांगितले तर संवेदनेच्या बिघाडाकडे. मज्जासंस्थेच्या आजारात काय झाले आहे याच्याआधी कुठे झाले आहे हे ठरवावे लागते, कारण पायाची एकच तक्रार मेंदू, मज्जारज्जू, नसांची मुळे, नसा किंवा स्नायू यांपैकी कशामुळेही उद्भवू शकते. तो अर्धा तास याच शोधात गेला.

टाचेवरच्या कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर) हातोडी मारूनही पाऊल हलले नाही, तर बहुधा नसेच्या वाटेत दोष असतो. ते वाजवीपेक्षा जोरात उडाले, तर मेंदू किंवा मज्जारज्जूकडे पाहावे लागते. तळव्यावर किल्लीने रेघ ओढल्यावर प्रौढ माणसाचा अंगठा खाली वळायला हवा. तो वर उचलला गेला तर मेंदूतून मज्जारज्जूत उतरणाऱ्या मार्गाला इजा आहे, हे मेंदूविकारतज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये पॅरिसमध्ये मांडले आणि ते आजही तितकेच उपयोगी आहे. (तान्ह्या बाळात मात्र अंगठा वर जाणे स्वाभाविकच असते.) १२८ हर्ट्झचा फोर्क घोट्यावर टेकवला असता कंप जाणवला नाही, की नसेतील जाड संवेदी तंतू क्षीण झाल्याची शंका येते. अशा माणसाला पावले कुठे पडत आहेत हे डोळ्यांनी पाहूनच सावरावे लागते. म्हणून तो अंधारात, किंवा बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की, डगमगतो.

आता एमआरआयविषयी. कोणत्या भागाचा एमआरआय काढायचा, हे तपासणीनेच ठरते. मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्यामुळे पाय ताठरत असतील आणि बिघाड मानेत असेल, तर कमरेचा एमआरआय कितीही स्पष्ट निघाला तरी तो निरुपयोगी ठरतो. शिवाय पन्नाशीनंतर काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही अनेकदा मणक्यांमधली चकती सरकलेली दिसते, आणि तो अहवाल हाती पडला की घरात शस्त्रक्रियेची चर्चा सुरू होते. माझ्या मते हा धोका आपल्याकडे फार हलका लेखला जातो.

एनसीव्हीत त्वचेवरून सौम्य विद्युतझटके देऊन नसेतील संदेशाचा वेग आणि प्रतिसादाची उंची मोजतात. विजेच्या तारेप्रमाणे नसेलाही आवरण आणि गाभा असतो. आवरण बिघडले की वेग घटतो, गाभा झिजला की उंची. पाय गार असले तरी वेग कमी दिसतो, म्हणून ते ऊबदार ठेवावेत. तेल किंवा क्रीम लावून जाऊ नये आणि पेसमेकर असल्यास आधी सांगावे. ही चाचणी आग, वेदना जाणवून देणारे बारीक तंतू मोजत नाही. तेव्हा अहवाल नॉर्मल आला म्हणून पायांची आग खोटी ठरत नाही.

रक्तात साखरेबरोबर बी-१२ जीवनसत्त्व पाहणे आवश्यक आहे. शाकाहार आणि दीर्घकाळ घेतलेले मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध, या दोन्हींमुळे ते कमी होऊ शकते. ही कमतरता नसा आणि मज्जारज्जू दोन्हींना बाधते. मग टाचेवर हातोडी मारून पाऊल हलत नाही, पण किल्लीच्या रेघेने अंगठा वर जातो, असे होऊ शकते. तसे आढळले तर मान आणि पाठीचा एमआरआय करावाच लागेल. लघवी-शौचावरील ताबा सुटला किंवा पायांतील बळ झपाट्याने गेले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : मुलीला फिट आली, पण ईईजी नॉर्मल आहे. म्हणजे फिटचा आजार नाही ना?

उत्तर : तसे म्हणता येत नाही. ईईजी ही मेंदूची अर्ध्या तासाच्या आसपासची विद्युत नोंद असते आणि दोन झटक्यांच्या मध्ये ती निर्दोष असू शकते. पुन्हा झटका आला तर मुलीला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि दुसऱ्या कोणीतरी मोबाइलवर चित्रण करावे. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. झटका पाच मिनिटांहून लांबला तर तातडीने रुग्णालयात न्यावे.