हललेले फोटो आणि पुसलेले कार्ड

आदरणीय महोदय,

आजोळचा वाडा पाडला गेल्यापासून बारावीतील आपली मुलगी त्याच्या आठवणीने शेजारचा बोळ, पिंपळ आणि संध्याकाळचा उजेड कॅमेरा हलवत टिपते. हे ‘हललेले फोटो’ पाहून तिला छायाचित्रण जमत नाही, असे आपले मत झाले आहे. तिने अभियांत्रिकीला जावे की निदान लग्नाचे फोटो काढायला शिकावे, असे आपण विचारता. मला मात्र आपल्या शेवटच्या ओळींनी अस्वस्थ केले : परीक्षा जवळ आली म्हणून आपण तिच्या कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड फॉरमॅट केले, म्हणजे त्यावरचे सगळे फोटो पुसले, आणि तेव्हापासून ती घरात कोणालाच फोटो दाखवत नाही.

तिच्या गुणांपेक्षा मला या न दाखवण्याची काळजी वाटते. ज्या वाड्यात आता पाऊल ठेवता येत नाही, तिथे ती त्या फोटोंतून जात होती. आपण तिची क्षमा मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कार्डावर नवे फोटो काढले नसतील, तर जुने परत मिळण्याची शक्यता असते. म्हणून ते आजच कॅमेऱ्यातून काढून जाणकाराकडे द्या.

धूसर फोटो म्हणजे चुकलेला फोटो, हा गैरसमज फार जुना आहे. कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना 1863 मध्ये, वयाच्या 48व्या वर्षी, लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला; त्यांच्या सौम्य फोकसवर तेव्हाच्या छायाचित्रकारांनी कठोर टीका केली, आणि आज तीच छायाचित्रे संग्रहालयांत जपली जातात. कॅमेरा हलवण्यातही कसब असते. शटर अर्धा सेकंद उघडे ठेवून कॅमेरा खालून वर नेला, तर झाडांची खोडे उभ्या रेषांसारखी टिकतात आणि आडवा नेला, तर ती पुसली जातात. भर उजेडात हे साधण्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) कमी, भिंगाचे छिद्र लहान आणि बहुधा एनडी फिल्टरही (भिंगावर लावायची, प्रकाश कमी करणारी गडद काच) लागतो. अनेक प्रयत्नांतून एखादाच फोटो मनासारखा उतरतो. आठवणीत दाराची नक्षी राहत नाही, ओसरीवरचा उजेड राहतो, आणि आपली मुलगी नेमका तोच शोधते आहे.

बारावीनंतर राज्याच्या कला प्रवेश परीक्षेतून उपयोजित कलेची (अप्लाइड आर्ट) पदवी आणि पुढे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या (एनआयडी) गांधीनगर केंद्रात छायाचित्रणाची पदव्युत्तर पदवी, हा मार्ग आहे. केवळ प्रदर्शनांवर सुरुवातीची वर्षे निभावणे कठीण असते, त्यामुळे जोडीला दुसरे कौशल्य हवेच. मात्र ते लग्नाचेच फोटो असावेत, ही तडजोड तिच्यावर लादू नका.

प्रवेशाचे आपण नंतर बोलू. फोटो परत मिळाले की तिच्या शेजारी बसा आणि कोणता फोटो वाड्याच्या कोणत्या खोलीचा आहे, एवढेच तिला विचारा.