‘शीव’ म्हणजे नेमकं काय? वेस, हद्द आणि उपनगर यांपेक्षा तिचा अर्थ वेगळा कसा?

लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन शीव, अगला स्टेशन सायन’ ऐकून तुम्हाला दोन प्रश्न पडलेत: शीव म्हणजे काय, आणि कुठल्याही शहराच्या कडेला शीव म्हणता येईल का? येईल, पण जपून.

दोन शेतांमध्ये असतो तो बांध, दोन गावांमध्ये असते ती शीव. मूळ संस्कृत ‘सीमा’. लग्नातल्या सीमांतपूजनातली सीमा हीच. वराकडच्यांना शिवेवर सामोरं जायचं, आता ते हॉलच्या दारात उरकतं. शिवेच्या आतली गावची शेतजमीन म्हणजे शिवार. वेस मात्र घरांना लागून, गावकुसातला येण्याजाण्याचा दरवाजा. वेशीतून बाहेर पडलं तरी शीव यायला शिवार तुडवावं लागतं. म्हणून अब्रू टांगतात ती वेशीला. शिवेवर टांगली तर बघणार कोण?

मुंबईच्या शीवचा अर्थ शब्दशः खरा आहे. इंग्रजांची मुंबई इथे संपायची. पलीकडे साष्टी, म्हणजे मुंबईच्या उत्तरेचं बेट; ती आधी पोर्तुगीजांची, १७३७ च्या मोहिमेनंतर मराठ्यांची. इंग्रजांनी ती १७७४ मध्ये घेतली. शीवच्या टेकडीवरचा किल्ला गव्हर्नर ऑंजियरच्या काळात, १६६९ ते १६७७ दरम्यान, या सीमेवरच उभा राहिला. ती रेघ अजून पुरती पुसलेली नाही: मुंबई शहर जिल्हा साधारण इथवरच, पुढे मुंबई उपनगर जिल्हा.

आता वापर. शीव ही रेघ आहे, वस्ती नव्हे. ‘तो पुण्याच्या शिवेत राहतो’ म्हटलं तर कान अडखळतो. तिथे उपनगर म्हणा. ‘पुण्याच्या शिवेवर टोलनाका आहे’ हे बरोबर. कागदोपत्री कामात हद्द: पालिकेची हद्द, पोलीस ठाण्याची हद्द. महसुलात मात्र दोन गावांच्या सीमेवरून जाणारा तो शीवरस्ताच.

लिहिताना सर्वांत जास्त चुकतं ते ऱ्हस्व-दीर्घ. शब्द स्त्रीलिंगी: ती शीव, अनेक शिवा. प्रत्यय लागला की ‘शी’चा ‘शि’ होतो: शिवेवर, शिवेला, शिवेपलीकडे. ‘शिवावर’ लिहिलंत तर अभिषेक चाललाय असं वाटेल. स्टेशनचं नाव असेल तेव्हा मात्र बोलण्यात सरळ ‘शीवला उतरलो’च म्हणतात.